टाळूवरची न दुखणारी गाठ : आधी तुकडा तपासायचा की सरळ काढून टाकायची?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या (वय ४४, कराड) टाळूवर उजव्या बाजूला, मागच्या दाढांच्या आतल्या अंगाला एक गाठ आहे. दात साफ करायला गेल्या तेव्हा डॉक्टरांनी आरशात दाखवली, तोवर त्यांना पत्ताही नव्हता. तेव्हा वाटाण्याएवढी होती, आता सुपारीएवढी व्हायला आली आहे. दुखत नाही, रक्त येत नाही, वरची त्वचा गुळगुळीत. तंबाखू, मिश्री, सुपारी यातलं काही नाही, घरात कोणालाच नाही.

तीन ठिकाणी तीन मतं मिळाली. पहिले म्हणाले, दाढेच्या मुळाचा पू टाळूत उतरलाय, रूट कॅनाल करू. दुसरे म्हणाले, साधी गाठ दिसते, आठवड्याभरात पूर्ण काढू आणि मग तपासायला पाठवू. तिसऱ्या मॅडमनी हात लावायच्या आधी एमआरआय आणि छोटा तुकडा तपासून घ्यायला सांगितलं. सासूबाई आणि दीर यांचं म्हणणं असं की तुकडा काढला की आतलं बिथरतं आणि पसरतं, काढायची तर एकदाच सगळी काढा.

मला दुसऱ्या आणि तिसऱ्या मतातला फरक समजून घ्यायचा आहे. एकदाच काढून मोकळं होण्यात नुकसान काय? कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

पेठेतला
तंबाखू नाही, जखम नाही, दुखत नाही. म्हणजे कॅन्सरची भीती नाहीच जवळजवळ. काढून टाका आणि निवांत व्हा. एमआरआयचे आठ-दहा हजार कशाला घालवायचे?

दंतकथा
मी मुखशल्यचिकित्सक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पेठेतला, तुमच्या पहिल्या वाक्यातल्या तिन्ही गोष्टी टाळूवरच्या गाठीला लागू होत नाहीत.

आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर म्हटलं की गालातला चट्टा, न भरणारी जखम, तंबाखू हे चित्र डोळ्यांपुढे येतं. तो अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, आणि आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण त्याचेच असतात. पण तोंडात अस्तराखाली सहाशे ते हजार बारीक लाळग्रंथी असतात. ओठांच्या आत, गालात, जिभेखाली, आणि सर्वांत दाट टाळूच्या मागच्या भागात. त्यांच्यात उगवणाऱ्या गाठी वेगळ्याच कुळातल्या. त्यांचा तंबाखूशी तसा संबंध जोडता येत नाही. त्या खालून वर येतात, त्यामुळे वरची त्वचा बराच काळ शाबूत राहते, आणि बहुतेक दुखत नाहीत. न दुखणं हे इथे चांगलं लक्षण धरता येत नाही.

आता प्रमाण बघा. कानाखालच्या मोठ्या ग्रंथीतल्या गाठींपैकी साधारण पाचात एक कर्करोगाची निघते. जबड्याखालच्या ग्रंथीत हे प्रमाण बरंच वाढतं. आणि टाळूवरच्या बारीक ग्रंथींत ते जवळजवळ निम्म्यावर येतं. ग्रंथी जितकी लहान, तितकी शंका मोठी, असं आम्हाला शिकवलं जातं.

म्हणून 'आधी काढू, मग तपासू' याला माझा विरोध आहे. टाळूवरची गाठ साधी प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा असेल तर ती वेष्टणासह, थोड्या कडेसह काढतात. म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा, म्हणजे लाळग्रंथीचा कॅन्सर, असेल तर भोवतीचं साधारण सेंटिमीटरभर निरोगी मांस आणि गरज पडल्यास हाड घ्यावं लागतं. ॲडेनॉइड सिस्टिक, म्हणजे नसेच्या वाटेने पसरणारा लाळग्रंथीचा दुसरा कॅन्सर, असेल तर नस (मज्जातंतू) कुठवर बाधित आहे ते आधी कळायला हवं. नाव माहीत नसताना गाठ उकरून काढली आणि नंतर कॅन्सरचा रिपोर्ट आला, तर मूळ गाठ कुठवर होती हे सांगणारी खूणच उरत नाही. दुसऱ्या ऑपरेशनला मग अंदाजाने मोठं क्षेत्र काढावं लागतं. स्कॅन तुकड्याच्या आधी करायला सांगतात तेही यासाठीच : टाके आणि सूज आल्यावर चित्र गढूळ होतं.

पहिल्या मताबद्दल : पू आहे की नाही हे तपासायला थंडाची चाचणी आणि साधा एक्स-रे पुरतो. दाढ थंड ओळखत असेल आणि मुळाशी काळी सावली नसेल, तर त्या दाढेचं रूट कॅनाल करायचं कारण नाही.

तिसऱ्या मॅडमकडे जा.

पेठेतला
आयडी दंतकथा आणि माहिती मात्र सगळी खरी! पण एक विचारतो. माझ्या मामांना कानाखाली गाठ होती, तिथे फक्त सुई घालून तपासलं आणि पुरलं. इथे कापायचंच का म्हणे?

दंतकथा
कानाखाली सुईची तपासणी योग्यच, कारण तिथे आतून चेहऱ्याची नस जाते आणि उघडून तुकडा घेणं धोक्याचं. टाळूवर गाठ समोर दिसते, हात पोचतो, आणि लाळग्रंथींच्या गाठींत पेशींची मांडणी बघावी लागते. सुईत सुट्या पेशी येतात, मांडणी येत नाही. म्हणून इथे गाठीच्या मधोमध, पुरेसा खोल तुकडा घ्यायचा. मधोमध घेतलेल्या तुकड्याचा व्रण पुढच्या ऑपरेशनमध्ये आपोआप निघून जातो. कडेला घेतला तर निरोगी भागाला उगाच हात लागतो.

आबा५९
सर्वांनी वाचावं असं एक. पन्नाशीत मला जिभेला टाळूच्या बरोब्बर मधोमध दगडासारखा उंचवटा लागला. तीन रात्री झोप नाही, मुलांच्या नावे कागदपत्रंसुद्धा काढून ठेवली. डॉक्टरांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, आबा, हे तुमचं स्वतःचं हाड आहे, जन्मभर हळूहळू वाढत आलंय. टोरस म्हणतात. कवळी करायची वेळ आली तरच अडतं, एरवी काही करायचं नाही. मधोमध, हाडासारखं कडक आणि वर्षानुवर्षं तसंच असलेलं बहुधा हेच असतं. सांजवेळ यांच्या जाऊबाईंची गाठ एका बाजूला आहे आणि वाढते आहे, तेव्हा ती वेगळी. पण हा धागा वाचून अनेक जण आता जीभ फिरवून बघणार, त्यांच्यासाठी लिहिलं. :)

निशाचर_नागपूर
आबा, मी बघितलं. आहे. आता झोपतो. :)

रानजाई
माझ्या नवऱ्याची गाठ ॲडेनॉइड सिस्टिकची होती. म्हणून लिहिते आहे, घाबरवायला नाही.

त्याला गाठ दिसायच्या बऱ्याच आधी वरच्या ओठाच्या डाव्या भागात आणि नाकाच्या कडेला मुंग्या येत. दाढी करताना ती जागा बधिर वाटायची. कोणी म्हणालं बी-ट्वेल्व्ह कमी असेल, कोणी म्हणालं सायनस. दोन्हीची औषधं झाली. टाळूवर फुगवटा आला तेव्हा कुठे तुकडा घेतला गेला. हा कॅन्सर नसेच्या वेष्टणातून प्रवास करतो. टाळूची नस वर जाऊन कवटीच्या तळाशी पोचते, त्याच वाटेने तो चढतो. तेव्हा चेहऱ्याच्या एका बाजूला सतत बधिरपणा किंवा मुंग्या असतील आणि कारण सापडत नसेल, तर तोंडात टॉर्च मारून बघायला सांगा आणि एमआरआयमध्ये नसेची वाट बघायला सांगा. आमच्या एमआरआयच्या मागणीवर डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहून दिलं होतं, त्यामुळे रेडिओलॉजिस्टने ती वाट नीट तपासली.

त्याच्या वरच्या जबड्याचा अर्धा भाग काढला, मग लाईट (रेडिएशन) दिली. किमो नाही. याच्यावर नेहमीच्या किमोचा फारसा उपयोग होत नाही असं आम्हाला सांगितलं. हा सावकाश वाढणारा आजार. पाच वर्षं नीट गेली म्हणून फाईल बंद करायची नसते. तो दहा-पंधरा वर्षांनीही फुफ्फुसात दिसू शकतो. नवऱ्याच्या फुफ्फुसात आता बारीक ठिपके आहेत, ते स्कॅनवर मोजले जातात, आणि तो रोज दुकान उघडतो. या ठिपक्यांना लगेच औषध का देत नाहीत यावरून घरात खूप भांडणं झाली. डॉक्टरांनी समजावलं की इतक्या मंद वाढीत औषधाचा त्रास आजारापेक्षा जास्त होईल. आम्ही ते स्वीकारलं आहे.

सांजवेळ
रानजाई, एवढं मोकळेपणाने लिहिलंत, फार आभार. जाऊबाईंना बधिरपणा नाही, आत्ताच फोनवर विचारलं. पण तुकड्याने पसरतं या मुद्द्यावर घरी कोणी ऐकत नाही.

खारघरकर
ही समजूत कुठून येते ते मी वॉर्डात रोज बघतो. (मी डॉक्टर नाही, समाजसेवा विभागात काम करतो.) लोक तुकडा काढतात, रिपोर्ट येतो, मग घाबरून काही महिने झाडपाला, लेप, कोणीतरी सांगितलेली पुडी. परत येतात तेव्हा गाठ दुप्पट झालेली असते. घरच्यांच्या मनात क्रम राहतो : तुकडा घेतला आणि वाढलं. मधले महिने कोणी मोजत नाही. सासूबाईंना हे असंच सांगा. आणि शक्य झालं तर त्यांनाच डॉक्टरांसमोर बसवा. शंका त्यांची आहे, तर उत्तरही थेट त्यांनाच मिळू दे.

पैशाचं म्हणाल तर कर्करोगाच्या शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. आधी भरती होऊन मग धावपळ केली की अडतं. टाटाला परळला यायचंच असेल तर तुकड्याची काच (स्लाइड) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा), दोन्ही बरोबर आणा. फक्त रिपोर्टची झेरॉक्स घेऊन आलेल्यांना ब्लॉकसाठी परत गावी पळावं लागतं.

स्लाइडवाला
खारघरकरांनी ब्लॉकचा विषय काढला, तर मी बोलतोच. मी पॅथॉलॉजिस्ट. या सगळ्या प्रकरणात रुग्णाला न दिसणारा माणूस.

तुकडा घेतला की तो लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा, आणि तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिन हवं. सलाइनच्या बाटलीत किंवा ओल्या कापसात गुंडाळून आलेले तुकडे मी बघितले आहेत. पेशी सडतात आणि मग जगातला कोणीही तज्ज्ञ काही सांगू शकत नाही. मेणात बसवलेला ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. तो पुढच्या तपासणीसाठी मागून घेता येतो. पावती करून द्या-घ्या, पण मागा.

दुसरं, लाळग्रंथींच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली फार फसव्या असतात. प्रकार कितीतरी आणि एकमेकांसारखे. तालुक्याच्या लॅबमध्ये बसणाऱ्या माझ्यासारख्याला तंबाखूचा कॅन्सर डोळे मिटून ओळखता येतो, कारण तो रोज येतो. टाळूची लाळग्रंथीची गाठ वर्षातून एखाद-दुसरी. अशी आली की मी स्वतःच मोठ्या केंद्रात पाठवतो. तुमच्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा काच बघायला पाठवली तर त्यात पहिल्याचा अपमान नसतो.

हे किती महत्त्वाचं, त्याचं एक उदाहरण. नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेसिया नावाचा प्रकार आहे, १९७३ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालं. टाळूवर अचानक सूज येते, मग खड्ड्यासारखी जखम होते, आणि तुकडा वरवरचा घेतला तर काचेवर तो कॅन्सरसारखाच दिसतो. प्रत्यक्षात त्या जागचा रक्तपुरवठा तात्पुरता तुटलेला असतो, कधी दाताच्या इंजेक्शननंतर, कधी वारंवार उलट्यांनंतर. काही न करता साधारण सहा ते दहा आठवड्यांत जखम भरून येते. याला कॅन्सर समजून लोकांचे जबडे काढले गेल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. जिभेवरच्या ग्रॅन्युलर सेल ट्यूमरचंही तसंच. खाली निरुपद्रवी गाठ, आणि तिच्यावरचं अस्तर इतकं वेडंवाकडं वाढतं की उथळ तुकड्यात कॅन्सरच वाटतो. म्हणून दंतकथा यांचा 'पुरेसा खोल' हा शब्द मी अधोरेखित करतो.

आता जनुकीय तपासण्यांचाही उपयोग होतो. म्युकोएपिडरमॉइडमध्ये बऱ्याचदा एमएएमएल२ या जनुकाची दुसऱ्या जनुकाशी जोडणी सापडते, ॲडेनॉइड सिस्टिकमध्ये एमवायबीची. सिक्रेटरी कार्सिनोमा हा लाळग्रंथीच्या कॅन्सरचा प्रकार तर २०१० मध्ये वेगळा ओळखला गेला. त्यातल्या एनटीआरके जोडणीवर चालणारं लॅरोट्रेक्टिनिब हे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. प्रत्येकाला या तपासण्या लागत नाहीत. काचेवर वापरायच्या नेहमीच्या रंगांनी निदान पक्कं होत असेल तर उगाच खर्च करू नका.

मृण्मयी_जर्सी
स्लाइडवाला, अप्रतिम प्रतिसाद. थोडं अवांतर करते, पण विषय टाळूचाच आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना १८९३ च्या उन्हाळ्यात टाळूवर खडबडीत गाठ सापडली. देशात आर्थिक हाहाकार माजला होता, बातमी फुटली तर बाजार आणखी कोसळेल म्हणून ऑपरेशन गुप्तपणे करायचं ठरलं. १ जुलै १८९३ ला त्यांच्या मित्राच्या 'वनायडा' नावाच्या बोटीवर, ती चालू असताना, वरच्या डाव्या जबड्याचा मोठा भाग काढला. चेहऱ्यावर एकही छेद न घेता, सगळं तोंडातून. काही दिवसांनी बोटीवरच पुन्हा थोडा भाग काढला. मग न्यूयॉर्कच्या एका दंतवैद्याने कडक रबराची प्लेट करून दिली, ती लावून ते पूर्ववत बोलू लागले. ऑगस्टमध्ये एका पत्रकाराने ही बातमी छापली तर त्यालाच खोटारडा ठरवलं. शस्त्रक्रियेत असलेल्या डॉक्टर कीन यांनी १९१७ मध्ये सगळं जाहीर केलं, तेव्हा क्लीव्हलंड जाऊन नऊ वर्षं झाली होती.

तो तुकडा फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. पुढे १९७० च्या दशकात त्याची पुन्हा तपासणी झाली आणि निदान आलं व्हेरुकस कार्सिनोमा, म्हणजे मंद वाढणारा, सहसा दूर न पसरणारा प्रकार. १८९३ मध्ये या प्रकाराला वेगळं नावच नव्हतं, पॅथॉलॉजिस्ट ॲकरमन यांनी त्याचं वर्णन केलं १९४८ मध्ये. जपून ठेवलेल्या तुकड्याची किंमत यावरून कळते.

पेठेतला
रोचक! म्हणजे बोटीवर जबडा काढून माणूस पंधरा वर्षं जगला.

दंतकथा
व्हेरुकस प्रकार आपल्याकडे तंबाखूची गोळी धरणाऱ्यांत दिसतो. कोबीच्या गड्ड्यासारखा पांढुरका. वरवरच्या तुकड्यात त्याचंही निदान चुकतं, खालची कड दिसेल इतका खोल तुकडा लागतो. तेव्हा स्लाइडवाला यांचा मुद्दा पुन्हा तोच.

बाभूळ
टाळूचं नाही, पण जबड्याच्या दुर्मीळ गाठीचं लिहितो. धाकटा भाऊ तेव्हा कॉलेजात होता. खालच्या जबड्याचा कोपरा हळूहळू फुगला, दाढा हलायला लागल्या. एक्स-रेमध्ये साबणाच्या फेसासारखी पोकळ्यांची जाळी. निदान ॲमेलोब्लास्टोमा. म्हणजे दाताचं आवरण घडवणाऱ्या पेशींसारख्या पेशींची गाठ. कॅन्सर नाही, हे ऐकून आईने देवापुढे साखर ठेवली.

तिथल्या डॉक्टरांनी आतून खरवडून काढली. मुलगा तरुण आहे, चेहरा बिघडायला नको, हा त्यांचा विचार आम्हालाही पटला होता. गाठ परत आली. पुन्हा खरवडली, पुन्हा आली, आणि आता ती आजूबाजूच्या स्नायूंतही शिरली होती. मग मोठ्या शहरात गेलो. तिथे त्यांनी सांगितलं की हिच्या पेशी हाडाच्या जाळीत घुसून बसतात, एक्स-रेवर दिसणाऱ्या कडेच्याही पुढे. खरवडण्याने त्या उरतातच. शेवटी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर निरोगी हाडासह जबड्याचा तुकडा काढला आणि त्या जागी पायाच्या पोटरीतलं बारीक हाड रक्तवाहिनीसकट आणून बसवलं. आता त्यावर इम्प्लांटचे दात आहेत, आणि तो क्रिकेटही खेळतो.

माझं म्हणणं एवढंच की 'कॅन्सर नाही' या वाक्यावर थांबू नका. ती परत येते का, आणि पहिल्यांदाच नीट काढायची तर किती काढावी लागेल, हे विचारा.

दंतकथा
बाभूळ, एक भर. ॲमेलोब्लास्टोमाचा एकच पोकळी असलेला प्रकार आणि भरीव, अनेक पोकळ्यांचा प्रकार यांत फरक असतो. पहिल्यात काही वेळा कमी कापून भागतं. तुमच्या भावाच्या प्रकारात खरवडणं अपुरंच होतं. पोटरीचं हाड जबड्यासाठी वापरायची पद्धत १९८९ मध्ये सुरू झाली. चालायला त्या हाडाची फारशी गरज नसते, म्हणून ते देता येतं. २०१४ मध्ये या गाठींत बीआरएएफ जनुकातला बदल सापडला, त्यामुळे काढता न येणाऱ्या गाठींना त्यावरच्या गोळ्या देऊन बघतात. पण काढता येण्यासारखी असेल तर आजही काढणंच.

निशाचर_नागपूर
एक शंका. २०१५ मध्ये टाटाच्या डॉक्टरांचा मोठा अभ्यास आला होता ना, की तोंडाच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीलाच मानेतल्या गाठीही काढल्या तर लोक जास्त जगतात? मग जाऊबाईंचीही मान उघडावी लागेल?

दंतकथा
तो अभ्यास अस्तराच्या कॅन्सरचा, सुरुवातीच्या टप्प्यातला. तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८० टक्के विरुद्ध ६७.५ टक्के, आणि त्याने जगभरची पद्धत बदलली. आपल्याला अभिमान वाटावा असं काम. पण ते निष्कर्ष लाळग्रंथीच्या गाठींना उचलून लावायचे नाहीत. तिथे गाठीचा दर्जा (ग्रेड, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात), आकार आणि स्कॅनवर मानेत काय दिसतं यावर ठरतं. टाळूच्या कमी दर्जाच्या गाठीत मान सहसा उघडत नाहीत.

कवडसा
इतके दिवस वाचत होते, आज लिहिते. माझ्या टाळूचा मागचा भाग काढलेला आहे, मी प्लेट वापरते. ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांच्या मनात हीच भीती असते म्हणून सांगते.

टाळूला भोक राहिलं की प्यायलेलं पाणी नाकातून येतं आणि आवाज गेंगाणा होतो, घरच्यांनाही शब्द कळत नाहीत. ही प्लेट, म्हणजे ऑब्च्युरेटर, ते भोक बंद करते. माझ्या बाबतीत सर्वांत शहाणपणाची गोष्ट ही झाली की ऑपरेशनच्या आधीच प्रोस्थोडॉन्टिस्टने (कृत्रिम दात आणि प्लेट करणाऱ्या डेंटिस्टने) दातांचं माप घेतलं होतं. त्यामुळे पहिली प्लेट ऑपरेशन टेबलावरच बसवली गेली. शुद्धीवर आले तेव्हा मी बोलू शकत होते. जखम आक्रसत जाते तशी प्लेट बदलावी लागते, पक्की नंतर करतात. ती काढून धुवावी लागते, रोज. आणि तोंड उघडायचे व्यायाम कंटाळा न करता करावे लागतात, नाहीतर तोंड आखडतं आणि प्लेटच आत जात नाही.

सर्जन कोण हे सगळे विचारतात. माप कोण घेणार, हेही त्याच भेटीत विचारा.

रानजाई
कवडसा, +१०००. आणि लाईट घ्यायची असेल तर किडलेले, हलणारे दात आधीच काढून जखमा भरू द्या. लाईटनंतर त्या भागातला दात काढला तर हाड भरून न येता सडू शकतं. आमच्याकडे दातांची तपासणी लाईटच्या तारखेआधी करून घेतली, फ्लोराइडचे ट्रे दिले, ते तो आजही लावतो.

सांजवेळ
तुम्हा सगळ्यांमुळे घरातलं वातावरण बदललं. सासूबाई स्वतः आल्या होत्या डॉक्टरांकडे. स्कॅन झाला, तुकडा मधोमध आणि खोल घेतला. रिपोर्ट : म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा, लो ग्रेड. काच मोठ्या केंद्रात पाठवली होती, त्यांचंही मत तेच. नसेची वाट स्वच्छ, हाडाला फक्त दाब, मानेत काही नाही. आता भोवतालच्या कडेसह गाठ आणि तिच्या वरचं थोडं हाड काढणार आहेत. माप घ्यायचं मी विचारलं तर सर्जन खूश झाले, म्हणाले तुम्ही कुठे वाचलंत?

जाऊबाई धीराच्या आहेत. त्यांचा एकच प्रश्न, लाईट लागेल का?

दंतकथा
कमी दर्जा, कडा स्वच्छ, नस मोकळी असेल तर बहुतेक वेळा फक्त ऑपरेशन पुरतं. कडा स्वच्छ निघाल्या का हे काढलेल्या भागाच्या अंतिम रिपोर्टवर ठरेल, तोवर कोणी शब्द देऊ शकत नाही. तो रिपोर्ट आल्यावर सर्जन, लाईटचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून ठरवायचं. नंतरच्या तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत, पहिली दोन वर्षं तर अजिबात नाहीत. या प्रकारात बरं होण्याचं प्रमाण खूप चांगलं आहे, जाऊबाईंना हे माझ्याकडून नक्की सांगा.

स्लाइडवाला
ऑपरेशनच्या भागावर सर्जननी दिशेसाठी टाके घालून पाठवावं : पुढचा, मागचा, आतला. त्याशिवाय कुठली कड कमी पडली ते आम्हाला सांगता येत नाही. सांगून ठेवा.

पेठेतला
जाऊबाईंना शुभेच्छा. बऱ्या होऊन आल्या की पहिला घास पातळ शिऱ्याचा द्या, दाणेदार काही नको. रेसिपी कवडसा देतील. :)

कवडसा
रवा बारीक, दूध भरपूर, वेलची पूड गाळून. बेदाणे अजिबात नकोत.

चैत्रपालवी
धागा वाचून धास्ती वाटली म्हणून विचारते. माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या खालच्या ओठाच्या आत निळसर पारदर्शक फोड आहे. फुटतो, जातो, पुन्हा येतो. तिला ओठ चावायची सवय आहे. हेही तसलंच काही?

दंतकथा
चैत्रपालवी, खालच्या ओठाच्या आत, मुलांमध्ये, ओठ चावण्याची सवय, फुटून पुन्हा भरणं : हे म्युकोसीलचं चित्र आहे. लाळेची बारीक नळी तुटते आणि लाळ मांसात साठते. काही आपणहून जातात, टिकला तर खालच्या ग्रंथीसह काढतात, नुसता फोडत बसू नका. पण असाच निळसर, मऊ फुगवटा टाळूवर किंवा अक्कलदाढेच्या मागे आला तर तो म्युकोसील धरून सोडायचा नाही, कारण म्युकोएपिडरमॉइड तिथे अगदी असाच दिसू शकतो. वरच्या ओठात टणक गोळी लागली तरीही दाखवायचं. लेकीला या आठवड्यात जवळच्या डेंटिस्टकडे न्या, आणि काढलाच तर छोटा आहे म्हणून टाकून देऊ देऊ नका. फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासायला पाठवा.